शाल्मलीने कुणाचं उष्टं खाल्लं?

प्रश्न १. रुग्णाचं नाव, वय आणि आज दवाखान्यात येण्याचं कारण.

शाल्मली सुहास गाडेकर. आठ वर्षं.

कारण लिहायला दीड ओळ सोडली होती. वृंदाने लिहिलं, ‘दाढ’. मग ते खोडून लिहिलं, ‘सूज’. मग पेन थांबलं. तिच्या मांडीवर डोकं टेकून बसलेल्या मुलीचा डावा गाल सकाळी सातला लिंबाएवढा होता. आता साडेनऊ वाजले होते आणि गाल कुठे संपतो, गळा कुठे सुरू होतो, ते कळेनासं झालं होतं. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

डॉ. फरीदा तांबोळींनी कागद तिच्या हातातून काढूनच घेतला. “कागद मागाहून. आधी तिला आत आण.”

बार्शीत एके काळी एकोणीस दंतवैद्य होते. आता दोन उरले होते, आणि त्यातला एक फक्त लग्नाआधी दातांना आकार आणि चमक द्यायचा. कीड कोरणं, सिमेंट भरणं, नस काढणं, दाढ उपटणं ही कामं येणाऱ्या डॉक्टर तांबोळी एकट्याच. त्यांच्या ड्रिलवर प्लास्टिकचं कव्हर असायचं. ते निघायचं ते बहुतेक याच मायलेकींसाठी.

“दुधाची दाढ आहे,” शाल्मलीच्या तोंडात दिवा धरून डॉक्टर म्हणाल्या. “कीड थेट नसेपर्यंत पोचली, नस मेली आणि मुळाखाली पू साठला. महिन्यापूर्वी आली असतीस तर नस साफ करून, औषध भरून वर टोपी बसवली असती.”

“महिन्यापूर्वी दुखत नव्हतं तिला.”

“दुखत होतं,” शाल्मली पुटपुटली. “मी सांगितलं नाही.”

“का गं?”

“सुई.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “आता दाढ काढायची आणि पू वाहू द्यायचा. आजच. ही सूज गळ्याकडे उतरतेय, वृंदा. दुपारी एकच्या पुढे मी थांबणार नाही.” असं म्हणत त्यांनी ड्रॉवरमधून कागदाची पातळ पट्टी काढली आणि शाल्मलीच्या जिभेखाली ठेवली. कुठल्याही दाताला हात लावण्याआधी ही पट्टी ठेवायची, असा नियम होता.

पट्टी पांढरी राहायला हवी होती. ती निळी झाली.

प्रश्न ४. रुग्णाच्या तोंडात नवा जंतू आहे का? (आहे / नाही)

कागद हातात राहिला असता तर वृंदाने ‘नाही’वर खूण केली असती. गेली सहा वर्षं ती प्रत्येक कागदावर ‘नाही’वरच खूण करत आली होती.

गोड खाल्लं की दात किडतात, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. गोड आपण खातो, पण दातांवर चिकटून बसलेले जंतूही तेच गोड खातात आणि त्याचं आम्ल करतात. ते आम्ल दाताचं कठीण आवरण विरघळवतं. आधी पांढरा डाग पडतो, मग खड्डा, मग भुयार, आणि भुयाराच्या टोकाला नस. माणूस हजारो वर्षं दंतमंजन, कडुलिंबाच्या काड्या आणि ब्रश घेऊन या जंतूशी लढत आला. लढाई कधी संपली नाही.

मग कुणीतरी ती लढाईच सोडून दिली. प्रयोगशाळेत त्याच जंतूचा एक भाऊबंद तयार केला. तोही साखर खातो, पण आम्ल करत नाही. त्याऐवजी किंचित मद्य करतो, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात असतं तेवढंच. शिवाय तो जुन्या जंतूला मारून त्याची जागा बळकावतो. एकदा तोंडात बसला की जन्मभर उठत नाही. एक थेंब, आणि कीड बंद.

तो थेंबही सगळ्यांना द्यावा लागला नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडात हे जंतू नसतात. ते येतात आईच्या चमच्यातून, आजीने चावून भरवलेल्या घासातून. मोहीम आखणाऱ्यांनी हे ओळखलं आणि काम उष्ट्यावर सोपवलं. भिंतीभिंतींवर घोषणा रंगल्या: ‘एक घास, जन्मभर दात.’ लग्नात वधूवरांनी एकमेकांना घास भरवला की पाहुणे म्हणायचे, चला, दातांची सोय झाली.

फक्त पहिल्या खेपेत एक गोष्ट राहून गेली होती. प्रयोगशाळेत हवे ते जंतू वेगळे निवडता यावेत म्हणून बनवणाऱ्यांनी त्यांच्यात पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पचवण्याची ताकद घातली होती, आणि ती काढायला ते विसरले. दुसऱ्या खेपेपासून ती काढली. पण पहिली खेप तोवर धरणाकडच्या तीन गावांत तान्ह्या मुलांना देऊन झाली होती. तोंडात तिचा काही त्रास नाही, असं सरकारने कळवलं. ते खरंही होतं. त्रास होता तो जंतू रक्तात गेला तर.

शाल्मलीच्या हृदयाची एक झडप जन्मतः सदोष होती. दोन वर्षांची असताना ती बदलून कृत्रिम बसवली होती. दात काढताना तोंडातले जंतू थोडा वेळ रक्तात उतरतात. ते सगळ्यांच्याच उतरतात आणि बाकीच्यांना कळतही नाही. पण कृत्रिम झडप म्हणजे या जंतूंना आयती ओसरी. एकदा तिथे ठाण मांडलं की हलवणं कठीण. म्हणून तासभर आधी प्रतिजैविक द्यायचं असतं.

“कोणतं देऊ?” डॉक्टर तांबोळींनी विचारलं. प्रश्न वृंदाला नव्हता, पण तो त्यांनी मोठ्याने विचारला. “दुसऱ्या खेपेचा जंतू असेल तर पेनिसिलिनवालं चालेल, काही काळजी नाही. पहिल्या खेपेचा असेल तर ते औषध म्हणजे पाणी.”

“दुसरं द्या मग.”

“दुसऱ्या औषधाने गेल्या वर्षी काय झालं होतं?”

वृंदाला ते आठवत होतं. कानदुखीसाठी दिलेली ती गोळी, आणि रात्रीतून अडखळायला लागलेले शाल्मलीच्या हृदयाचे ठोके.

“पुण्याला तपासणीला पाठवलं तर खेप कळेल, पण दोन दिवसांनी. सोलापूरला पळवलंस तर तिथेही हेच विचारतील, फक्त दीड तास उशिरा. ते औषध उगाच द्यायचं नाही आणि गरज असेल तर टाळायचं नाही. ज्याच्याकडून जंतू आला त्याच्या कार्डावर खेपेचा नंबर असेल. मला ते माणूस हवंय.” डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. “दहा वाजले. बारापर्यंत औषध आत गेलं पाहिजे.”

प्रश्न ५. रुग्णाने अलीकडे कुणाचं उष्टं खाल्लं आहे का? असल्यास नाव लिहा.

कुणाचंही नाही.

कुणाचंही नाही, कारण वृंदाने खाऊ दिलं नव्हतं. नवा जंतू झडप बसवलेल्या मुलांपासून लांब ठेवा, असं हृदयाच्या डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं. वृंदाने ते कानात नाही, हाडांत साठवलं. ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. शंभर दाण्यांतला एक बुरसलेला दाणा बाकीच्यांना कसा खातो, हे ती रोज बघायची. शाल्मलीचा पेला वेगळा, चमचा वेगळा, ताट वेगळं. तिची पापी कुणी घ्यायची नाही. वाढदिवसाच्या केकवर फुंकर नाही. घरात जंतू नको म्हणून वृंदाने स्वतः थेंब घेतला नाही. सगळ्या गावाचे दात मोत्यासारखे होत असताना तिच्या तोंडात चार सिमेंटं आणि दोन टोप्या आल्या. नवरा, सुहास, राजस्थानात पवनचक्क्यांच्या कामावर. तो सुट्टीवर यायचा तेव्हा त्याचंही ताट वेगळं.

आणि माई. सुहासची आई. माईंनी एकदा भाताचा घास चाखून, गरम नाही ना ते बघून, त्याच चमच्याने नातीला भरवला. वृंदाने पाहिलं. महिन्याभरात माई कुर्डुवाडीला लेकीकडे राहायला गेल्या. ‘थोडे दिवस’, असं ठरलं होतं. त्याला दीड वर्ष झालं.

एक तारखेला पट्टी. दर महिन्याला. न चुकता पांढरी.

“शालू,” वृंदा खुर्चीशेजारी वाकली. “कुणी दिलं तुला काही? आई रागावणार नाही.”

शाल्मलीने छताकडे बघत विचार केला. मग म्हणाली, “माईने.”

वृंदाच्या छातीतून एक श्वास सुटला. तो सुटकेचा होता. आपल्याला हेच उत्तर हवं होतं, हे तिला स्वतःलाही कळलं आणि तरी बरं वाटलं. तिने फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला.

“माई, मी बोलतेय. वृंदा.”

“जिवंत आहेस होय? मला वाटलं नंबरच पुसलास माझा.”

“माई, शालू दवाखान्यात आहे. खरं सांगा, तुम्ही तिला...”

“माई!” शाल्मलीने मध्येच सुजलेल्या तोंडाने हाक मारली. “माई, तू मला उष्टं दिलं होतंस ना? दिलं होतंस ना, माई?”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग माई म्हणाल्या, “दिलं होतं बाळा. मीच दिलं. संक्रांतीला आले होते तेव्हा, तिळाची वडी. अर्धी मी खाल्ली, अर्धी तुला दिली. का गं वृंदे, फाशी देणार आहेस?”

डॉक्टर तांबोळींनी हात पुढे केला. “माईंचं कार्ड? खेप कुठली?”

“दुसरी,” माई म्हणाल्या. “इथल्या केंद्रात घेतलेली. नंबर वाचू?”

नंबर दुसऱ्या खेपेच्या यादीशी जुळला. डॉक्टरांनी पेनिसिलिनवाल्या औषधाची कुपी फोडली. सुईत औषध चढू लागलं. दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. वृंदा त्या पारदर्शक नळीकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. बोटात शिरलेलं कुसळ दिसत नाही, पण हाताला लागतं, तसं.

संक्रांत. जानेवारी. आता ऑगस्ट चालू होता.

“थांबा!”

डॉक्टरांचा हात थांबला.

“एक तारखेची पट्टी पांढरी होती. या महिन्याची. फेब्रुवारीपासून सगळ्याच पांढऱ्या होत्या.” वृंदा फोनकडे वळली. “माई, तुम्ही खोटं बोललात.”

माई फोनवरून म्हणाल्या, “पोरीने विचारलं त्या आवाजावरून कळलं मला, ती अडचणीत आहे म्हणून. हो म्हटलं. माझं आणखी काय जाणार होतं, वृंदा?”

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. स्टीलच्या ट्रेचा आवाज खोलीभर घुमला.

प्रश्न ५. (पुन्हा)

“शालू, माईचं नाव का घेतलंस?”

“माई तर गेलेलीच आहे ना.”

हे तिने इतक्या सरळ सांगितलं की वृंदाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ज्याला आधीच घराबाहेर काढलंय त्याचं नाव घेतलं तर त्याला पुन्हा काही होत नाही. आठ वर्षांच्या मुलीने हा हिशोब तापात बसून केला होता.

“म्हणजे दुसरं कुणीतरी आहे.”

शाल्मलीने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं.

“वर्गातली आहे?”

एकदम रडवेली होऊन ती म्हणाली, “पण ते उष्टं नव्हतंच! चिमणीच्या दाताने तोडलं होतं. प्रत्येक वेळी. तूच सांगितलं होतंस!”

डॉक्टर तांबोळींनी डोळे मिटून घेतले.

वृंदाला पहिलीतली शाल्मली आठवली. मधल्या सुट्टीत सगळ्याजणी पेरू वाटून खातात आणि मला कुणी देत नाही, म्हणून हुंदके देत घरी आलेली. त्या दिवशी वृंदाने तिला जवळ घेऊन, स्वतःच्या आईने शिकवलं होतं तसंच शिकवलं होतं. फ्रॉकचं टोक पेरूवर धरायचं, कापडावरून चावायचं, की झाला चिमणीचा घास. उष्टं होत नाही. पेल्यांना उकळतं पाणी घालणाऱ्या, बुरशीला सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणाऱ्या वृंदाला तेव्हा एकदाही वाटलं नाही, की सुती कापडाच्या विणीतून लाळ आरपार जाते. हत्ती जाईल एवढ्या दरवाजातून मुंगी गेली, तर दरवाजाला कळणारही नाही. चिमणीचा दात तिने कधी तपासलाच नव्हता. तो तिच्याकडे आला होता तो पाढ्यांसारखा, आईच्या तोंडून, शंका न घेता.

“शालू, तिचं नाव सांग.”

“नाही.”

“मी तिला काही करणार नाही. देवाशपथ.”

“माईलापण तू असंच म्हणाली होतीस. थोडे दिवस म्हणाली होतीस.” शाल्मलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. “तू शाळेत येशील. बाईंना सांगशील. मग तिला वेगळ्या बाकावर बसवतील. ती धरणाच्या...” ती थांबली आणि ओठ आत घेऊन मिटले.

धरणाच्या. वृंदा आणि डॉक्टरांची नजरानजर झाली.

“तिकडून शाळेला बस येते,” वृंदा घाईने म्हणाली. “मुली असतील दहा-बारा. म्हणजे पहिलीच खेप. दुसरं औषध द्या.”

“तिकडे राहतात म्हणून खेप ठरत नाही. मागाहून राहायला गेलेली कुटुंबं आहेत, दुसऱ्या खेपेची. अंदाजावर मी तिच्या हृदयाला धक्का देणार नाही.” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “कार्ड हवं, वृंदा. अकरा वाजले.”

वृंदा शाल्मलीकडे बघत राहिली. रागावून विचारता आलं असतं. खांदे धरून हलवता आलं असतं. शाळेत फोन करून दहा-बाराही घरांची कार्डं मागवता आली असती, पण मग दुपारपर्यंत साऱ्या शाळेला कळलं असतं आणि मुलगी जे वाचवू बघत होती ते गेलंच असतं. शिवाय बारापर्यंत ती कार्डं आली नसती. शपथ घेऊन झाली होती, आणि तिच्या शपथेची किंमत शाल्मलीला माहीत होती.

तिला एकच गोष्ट सुचली. ती नकोशी होती. म्हणूनच कदाचित बरोबर होती.

“नाव मला सांगू नकोस,” ती म्हणाली. “डॉक्टरांना सांग. एकट्या डॉक्टरांना. मी बाहेर जाते. त्या मला सांगणार नाहीत. मी कधी विचारणार नाही.”

शाल्मलीने मान वळवली. “दाराशी उभी राहून ऐकशील.”

“दाराशी नाही. खाली रस्त्यावर जाते. खिडकीतून दिसेन तुला, बघ. हात वर करते, म्हणजे कळेल पोचले.”

“डॉक्टरआजी तुला सांगतील.”

“मी?” डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. “मी तर अजून माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, त्याच्या बहिणीचे पुढचे चार दात खोटे आहेत म्हणून.”

शाल्मलीच्या सुजलेल्या गालाला हसू झेपलं नाही. पण डोळ्यांपर्यंत पोचलं.

वृंदा जिना उतरली. रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी राहून तिने हात वर केला. वर खिडकीत एक लहान हात हलला आणि पडदा ओढला गेला.

सहा वर्षांत मुलीच्या तोंडात काय जातं हे तिला माहीत नाही, असा एकही क्षण तिने येऊ दिला नव्हता. आता पडद्याआड तिची मुलगी कुणाला तरी काहीतरी सांगत होती, आणि तिला ते कळणार नव्हतं. आजही नाही आणि पुढेही नाही. झेरॉक्सवाल्याने विचारलं, “ताई, काही काढायचंय?” तिने पडद्यावरची नजर न काढता मान हलवली.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला.

“पहिली खेप,” डॉक्टर म्हणाल्या. “कार्डाचा फोटो मागवून बघितला. वर ये, सही हवी.”

सही

कागदावर लिहिलं होतं: संबंधित औषधाने हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येण्याचा धोका समजावून सांगण्यात आला आहे. पाचव्या प्रश्नासमोरची जागा कोरी होती. वृंदाने सही केली. पेन कागदात रुतलं.

शेजारच्या दवाखान्यातून मॉनिटर आणला. हृदयाचे डॉक्टर सोलापूरहून पडद्यावर बसले. औषध थेंबथेंब, अगदी हळू सोडायचं ठरलं. शाल्मलीच्या छातीवर तारा चिकटवल्या.

बीप. बीप. बीप.

बारा.

बीप. बीप.

बारा वाजून अकरा मिनिटं. बीप आणि बीपमधलं अंतर लांबलं. पडद्यावरचे डॉक्टर पुढे वाकले. “थेंब कमी करा. आणखी कमी.” डॉक्टर तांबोळींचं बोट नळीच्या चाकावर होतं.

बी

प.

मग पुन्हा, जणू ठेच लागलेला माणूस सावरून चालायला लागावा, तसे ठोके रांगेत आले.

“पुढे जा,” सोलापूरहून आवाज आला.

एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना दाढ निघाली. हिरवट पू वाहिला. खोलीत वास सुटला आणि डॉक्टर तांबोळी इतक्या आनंदाने “वा!” म्हणाल्या, की नर्सने तोंड फिरवलं. बधिर गालाची शाल्मली घशातल्या घशात काहीतरी बोलत होती. ‘संपलं?’ असं असावं.

“संपलं,” डॉक्टर म्हणाल्या. मग वृंदाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “आणि आणखी एक संपलं. तिच्या तोंडात जो बसायचा तो बसला. आता दुसरा येऊ शकत नाही. पथ्य संपलं. तिच्या कार्डावर पहिली खेप लिही, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसावं लागणार नाही. आणि कुणाचंही खाऊ दे तिला.”

वृंदाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिच्या स्वतःच्या दोन टोप्यांपैकी एक, वरची, दुखत होती. ती तिने दिवसभर चावून धरली होती.

संध्याकाळी तिने माईंना फोन केला. शाल्मलीचं सांगून झालं.

“उद्या सकाळची बस आहे,” शेवटी वृंदा म्हणाली. “मी घ्यायला येते. याल?”

“मला यायला दीड वर्ष लागलं तर चालेल का?” माई म्हणाल्या. मग जरा थांबून, “किती वाजता येतेस?”

प्रश्न ११. पालकाला आणखी काही नोंदवायचं आहे का?

दोन आठवडे तापाचं मोजमाप सुरू होतं. दोनदा रक्त तपासलं. दोन्ही वेळा स्वच्छ आलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी शाल्मली शाळेत गेली.

दुपारी वृंदा तिला आणायला गेली तेव्हा फाटकाबाहेर धरणाकडची बस उभी होती. पाच-सहा मुलींचा घोळका बसकडे न जाता फाटकाशीच रेंगाळत होता. शाल्मली अजून आत होती. घोळक्यात कुजबुज झाली. कुणीतरी कुणाला तरी पुढे ढकललं.

वृंदाला कळलं, आता बघितलं तर समजेल. जी पुढे येतेय तीच. एकदा डोळे वर केले की झालं. मग चेहरा कळेल, बाक कळेल, आडनाव कळेल, आणि त्यानंतर आपण काय करू याची हमी तिला स्वतःलाही देता येत नव्हती.

तिने मान खाली घातली आणि स्कूटरच्या हँडलला अडकवलेल्या हेल्मेटचा पट्टा सोडवू लागली. पट्टा सुटलेलाच होता. तिने तो पुन्हा बांधला.

काळे, धुळीने माखलेले शाळेचे बूट तिच्या चाकापाशी येऊन थांबले. एका बुटाची नाडी सुटलेली होती.

“काकू,” एक आवाज म्हणाला, “शाल्मलीची दाढ आता दुखत नाही ना?”

“नाही,” वृंदा पट्ट्याकडे बघत म्हणाली. “अजिबात नाही.”

बूट क्षणभर तिथेच राहिले. मग वळले आणि पळत सुटले.